आत माणसं राहतात

तिसरा मजला,
६ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
सा. न. वि. वि.

आपण पाठवलेला मध पोचला. बरणीचं झाकण वाटेत सैल झालं आणि मुलाच्या बॅगेतले शर्ट गोड झाले, पण उरला तो उत्तम होता. हे रोज सकाळी एक चमचा घेतात आणि डोंगराची चव लागते म्हणतात. डोंगर यांनी जवळून कधी पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

इकडे सर्व ठीक. सूनबाईची या महिन्यात इस्पितळात रात्रपाळी आहे. मी स्वतः बसमध्ये कंडक्टर होते, पहाटेच्या पाळ्या मीही केल्या, त्यामुळे मी काही बोलत नाही. चहात साखर किती घालायची हे मात्र तिला लग्नाला दोन वर्षं होऊनही मी सांगितल्याप्रमाणे जमत नाही. ती आपल्या अंदाजाने घालते. हा अंदाज माहेरचा असावा.

आमची इमारत विकली गेली. नव्या मालकाने दुरुस्ती काढली आहे. चारी बाजूंनी लोखंडी नळ्यांची परांची उभी राहिली आणि तिच्यावर गच्चीपासून फुटपाथपर्यंत जाड हिरवं कापड बांधलं. मालक कुणाला दिसत नाही. त्याचा मॅनेजर येतो, तो सारखा हसतो, म्हणून आम्ही त्याला हसरा म्हणतो. मला मावशी म्हणतो. काम झालं की इमारत नव्यासारखी होईल म्हणाला. आम्ही वेळेवर भाडं भरणारी सरळ माणसं, आमच्याशी कोणी वाकडं कशाला वागेल?

परांचीवाले जिन्याखाली झोपतात. आपल्या डोंगराकडचेच आहेत म्हणे. सूनबाई पाळीवरून येताना त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलते आणि सगळे हसतात. विनोद कशावर चालतो ते कळत नाही. माझ्यावर नसावा.

जाता जाता एक. आपला फोटो पेपरात आला होता. चार शिपाई आपल्याला हातापायांना धरून उचलताहेत असा. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दाखवला. ही बाई आमच्या नात्यातली नाही असं मी म्हटलं नाही, पण आहे असंही म्हटलं नाही. राग नसावा. आमच्याकडे या गोष्टींची सवय नाही. मी नोकरीभर युनियनची वर्गणी भरली, सभेला एकदाही गेले नाही, आणि माझं काही अडलं नाही.

व्याह्यांना नमस्कार. कळावे. लोभ आहे तेवढा तरी टिकून राहावा.

आपली,
मुलाची आई

---

डोंगरपायथा,
१९ फेब्रुवारी

सौ. विहीणबाईंना त्यांच्या विहिणीचा कोपरापासून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं. फोटोचं मनाला लावून घेऊ नका. माझा चेहरा डावीकडच्या शिपायाच्या कोपराखाली गेला होता, त्यामुळे नातं लपवायला तुम्हाला मोकळीक होतीच. उचलणाऱ्यांपैकी एकाच्या कमरेत उसण भरली. त्याला मी दुसऱ्या दिवशी चोळायला तेल पाठवलं. आता तो मला उचलायची पाळी आली की दुसऱ्याला पुढे करतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी आमचं काय चाललंय ते सांगते, म्हणजे पुढच्या फोटोला उपयोगी पडेल. डोंगरावर आमच्या माणसांचा वावर किती पिढ्यांचा आहे ते कुणालाच सांगता येत नाही. झऱ्याचं पाणी, सरपण, मध, मेलेल्यांच्या जागा, सगळं वर. मग दगड काढणाऱ्या कंपनीने कुठल्याशा कचेरीतून कागद आणला आणि पायथ्याला तारेचं कुंपण घातलं. आम्ही विचारलं, आम्ही इथले मूळचे, आम्हाला न विचारता डोंगर दिला कसा? यावर सुनावणी लावली आहे आणि ती सारखी पुढे जाते. तोवर आम्ही रोज सकाळी फाटकासमोर जाऊन बसतो. फार काही करत नाही. बसतो, निवडण-टिपण करतो. तेवढ्यानेही त्यांना त्रास होतो.

आता तुमच्या इमारतीचं. मला शहरातलं कळत नाही, पण विचारते. कापडामागे काय चालतं? ठोकाठोकी ऐकू येते? सिमेंटची गोणी दिसली? आमच्याकडेही कुंपणाआधी कापडच आलं होतं. मोजणीपुरतं आहे म्हणाले होते. हसऱ्याने कागदावर सही मागितली तर एकटीने करू नका. चष्मा सापडत नाही म्हणा. मला हे फार कामाला येतं, आणि मला तर चष्माच नाही.

जिन्याखाली कसला विनोद चालतो ते लेकीला विचारून घेतलं. ती त्यांना तुमच्या बसमधल्या गोष्टी सांगते. एकाने शेळी चढवली तेव्हा तुम्ही शेळीचं तिकीट फाडलंत आणि माणसाला विनातिकीट म्हणून उतरवलंत, ती गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावली आहे म्हणे. तेव्हा विनोद तुमच्यावरच आहे, पण कौतुकाचा.

साखरेचा अंदाज माहेरचाच. कळावे. लोभ वाढवलात तर आम्ही आनंदाने ठेवून घेऊ.

तुमची,
मुलीची आई

---

तिसरा मजला,
१४ मार्च

सौ. विहीणबाई यांस, सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर असं की ठोकाठोकी नाही. सिमेंटची गोणी नाही. वाळूचा कण नाही. कापड मात्र आहे.

घरात सकाळ होत नाही. दुपारी बारालाही दिवा लागतो आणि भिंती शेवाळी दिसतात. गॅलरीत वाळत घातलेले कपडे तसेच ओले उतरतात. माझं एक असो. हे घड्याळजी, यांचा सगळा धंदा खिडकीत. टेबल, भिंग, चिमटा आणि उत्तरेचा उजेड, एवढ्या भांडवलावर यांनी घर चालवलं. दिव्याच्या उजेडात चिमट्याचीच सावली घड्याळात पडते. परवा यांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची केसासारखी स्प्रिंग वाकवली. यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. अवजारं पुसली, खण बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. विहीणबाई, यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी आजारपणातसुद्धा पाहिलेलं नाही.

काही बिऱ्हाडं गेली. दुरुस्ती झाली की परत बोलावू, असं हसऱ्याने तोंडी सांगितलं. शिंपीणबाईंनी गेलेल्यांपैकी एकाचा कागद वाचला. त्यात लिहिलंय की आम्ही स्वखुशीने जागा कायमची सोडतो. माझ्याकडेही कागद आणला. मी चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा नाकावरच होता. हसऱ्याने पाहिलं आणि कागद टेबलावर ठेवून गेला.

मी एकटी मालकाच्या कचेरीत जाऊन आले. बाकावर बसवून ठेवलं, जेवणाच्या सुट्टीनंतर सांगितलं की तक्रार पेटीत टाका. पेटीच्या कुलपावर धूळ होती. टाकली आणि आले.

मुलगा म्हणतो, आई, सही करू, गावाबाहेर जागा बघू, निदान हवा तरी मिळेल. सूनबाई म्हणते, सही करायची नाही. त्या दोघांचं आपापसात धुसफुसतं. आणि सूनबाईचं माझ्याशीही. कारण असं की परवा संतापाने मी गॅलरीतून परांचीवर बादलीभर पाणी ओतलं. खाली दोघे भिजले. कापड त्यांनीच बांधलं ना? मग भिजले तर काय बिघडलं? त्यावरून तिने अबोला धरला आहे. मुलगा दोघींच्या मध्ये बसून दोघींकडे मीठ मागत असतो.

मला मोर्चा काढता येत नाही. तुम्हाला येतो. सुरुवात कुठून करतात ते कळवावे. हे मी लिहिलं असं कुणाला कळू नये.

कळावे. लोभाचं पुढच्या पत्रात बघू, आज उजेड कमी आहे.

आपली,
मुलाची आई

---

डोंगरपायथा,
२२ मार्च

विहीणबाई, नमस्कार, आणि आधी भांडण.

पाणी ओतलंत ते मला आवडलं नाही. तुम्ही मोठ्या आहात, पण हे बोलणारच. कापड त्यांनी बांधलं हे खरं, पण ते बांधायचं त्यांनी ठरवलं नाही. त्यांना वर चढायला कमरेचा पट्टासुद्धा नाही. लेकीने विचारलं तर म्हणाले, पट्टा मागितला की दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं येतात. ही आमच्या पलीकडच्या वस्तीची माणसं आहेत. डोंगर बंद झाला, पोट भरेना, म्हणून तुमच्या शहरात नळ्या चढताहेत. आमचा डोंगर मोकळा असता तर तुमच्या खिडकीवर कापड बांधायला यांतलं एकही माणूस आलं नसतं. यावर जरा विचार करा.

झालं भांडण.

सुरुवात अशी करा. सगळ्यांना एका खोलीत बसवा. मालकाचं नाव काढू नका. कुणाला काय सोसावं लागतंय ते एकेकाला बोलू द्या, आणि सगळ्यात कमी बोलणारा असेल त्याला आधी विचारा. निम्मं काम तिथेच होतं, कारण प्रत्येकाला वाटत असतं की हे फक्त आपल्याच घरात चाललंय. आणि जिन्याखालच्यांना बोलवा. चहा करा. साखर कुणाच्याही अंदाजाने घाला.

पुढारी नेमू नका. पुढारी एकच असला की त्याला उचलायला चार शिपाई पुरतात.

मी फार शहाणपणा सांगतेय असं वाटत असेल, तर इकडचंही ऐका. कंपनी म्हणते, पलीकडे वसाहत बांधतो, तिथे राहायला जा. माझे धाकटे दीर जाऊन घर पाहून आले. आता ते फाटकावर बसायला येत नाहीत आणि वाटेत भेटले की मान वळवतात. तिथले नळ खरंच चांगले आहेत. पण त्यांच्या मागे आणखी काही घरं गेली तर सुनावणीत आम्ही मूठभर उरू. इथे सगळे मला खंबीर समजतात, त्यामुळे हे बोलायला कोणी नाही. तुम्हाला लिहिलं आणि हलकं वाटलं. तुम्हीही कुणाला सांगू नका.

कळावे. भांडणानंतर उरतो तो लोभ पक्का म्हणतात, तो असावा.

तुमची,
मुलीची आई

---

तिसरा मजला,
१७ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाई तुला सविस्तर लिहितीलच. पण त्या जे गाळतील तेवढं मी लिहिते.

तुझं पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलं. संध्याकाळी किटली घेऊन जिन्याखाली गेल्या, मला म्हणाल्या, चल. तिथे टोळीचा म्होरक्या बसला होता, आपल्या पलीकडच्या वस्तीतला, पांढऱ्या भुवईचा. त्यालाच त्या दिवशी भिजवलं होतं. सासूबाईंनी मला हळूच विचारलं की माझं चुकलं हे तुमच्या बोलीत कसं म्हणतात. मी सांगितलं. त्यांनी मोठ्या आवाजात म्हटलं, पण सूर असा लागला की त्याचा अर्थ माझी शेळी हरवली असा झाला. सगळे उठून शेळी शोधायला लागले. मग मी खरं काय ते सांगितलं आणि जे हसू फुटलं ते आवरेना. त्याही हसल्या. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच पोट धरून हसताना पाहिलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी म्होरक्या पडला. कापडाची सुटलेली गाठ बांधताना परांचीची फळी उलटली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. मी नुकतीच पाळीवरून येत होते. पाय मोडला होता, डोक्याला मार नव्हता. मी पाय बांधला. सासूबाईंनी कपड्यांच्या इस्त्रीची फळी आणली, तीवर त्याला निजवलं. गाडी मिळेना. तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि समोरून येणाऱ्या बसला ओरडून थांबवलं. आई, तो आवाज तू ऐकायला हवा होतास. ड्रायव्हर नवा होता, त्यांना ओळखत नव्हता, तरी ब्रेक दाबला. आत शिरून त्यांनी सगळ्या उतारूंना पुढे सरकवलं आणि बस मधले थांबे न घेता इस्पितळात गेली. म्होरक्या आता बरा आहे. पायाला प्लास्टर आहे आणि नर्सना त्रास देतो.

कंत्राटदाराचा माणूस ती उलटलेली फळी उचलून न्यायला आला. सासूबाई इस्पितळातून परतल्या त्या थेट तिच्यावर जाऊन बसल्या. कामगार खात्याचा निरीक्षक येईपर्यंत उठल्या नाहीत. मामंजींनी तिथेच त्यांना जेवण नेऊन दिलं.

मग आमच्या खोलीत सभा झाली. राहिलेली सगळी बिऱ्हाडं आणि सगळे परांचीवाले. बसायला जागा नव्हती, लोक जिन्यापर्यंत होते. सासूबाईंनी तू सांगितलंस तसं केलं, आधी मामंजींनाच बोलायला लावलं. ते एवढंच म्हणाले की मला माझे हात दिसत नाहीत. त्यानंतर कुणाला आग्रह करावा लागला नाही.

मागण्या लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या यांनी पहिली मागणी कापड काढण्याची लिहायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "आपला उजेड गेलाय, त्यांचा माणूस वरून खाली आलाय. आधी पट्टे." मग यांनी खिशातून जागा सोडायचा तो कागद काढला, अजून सही न केलेला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मागण्या लिहिल्या. वर पट्टे.

आमची धुसफूस मिटली हे वेगळं लिहायला नको.

पट्टे येईपर्यंत परांचीवाले वर चढणार नाहीत. आम्हीही कोणी एकट्याने सही करणार नाही. पुढे काय होईल माहीत नाही, पण घरात अंधार असूनही आता बरं वाटतं.

बाबांना नमस्कार. तुझी आठवण येते, पण पूर्वीसारखी नाही. इथे आता तुझ्यासारखंच कोणीतरी आहे.

तुझी,
लेक

---

तिसरा मजला,
२० मे

प्रिय विहीणबाई,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण हातात वेळच नव्हता. सूनबाईने बसचं लिहिलं म्हणे. मी एवढी काही ओरडले नव्हते.

झालं ते क्रमाने सांगते. आमची अडचण ही होती की कापडामुळे इमारत रस्त्यावरून दिसतच नव्हती. आत काय चाललंय, कोणी आहे की नाही, जाणाऱ्या-येणाऱ्यांना कळायला मार्ग नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, मग कापडावरच लिहू. प्रत्येक घरातून जुन्या चादरी गोळा केल्या. शिंपीणबाईंनी पुरुषभर उंचीची अक्षरं बेतली आणि आम्ही सगळ्यांनी शिवली. कसं लावायचं हा प्रश्न होता. अग्निशमन दलातला एक जवान पूर्वी माझ्या बसचा रोजचा उतारू होता, त्याने पट्टे उसने दिले. परांचीवाल्यांनी ते बांधून, त्या एका सकाळपुरते, वर चढून अक्षरं टाचली. गच्चीपासून खालपर्यंत, तीन ओळींत, आत माणसं राहतात.

विहीणबाई, सगळा रस्ता थांबला. समोरच्या दुकानदाराला म्हणे वाटत होतं की इमारत कधीच रिकामी झाली. तो स्वतः येऊन जिन्यात उभा राहिला आणि प्रत्येक दारावर टकटक करून चौकशी करून गेला. आणि माझ्या जुन्या खात्यातल्या पोरांनी तर कहर केला. आमच्या थांब्याचं नाव घ्यायचंच सोडलं. बस आली की कंडक्टर ओरडतो, आत माणसं राहतात, उतरा. उतारू आता तिकीटही त्याच नावाने मागतात.

हसऱ्याचं हसू गेलं. त्याने पाण्याचा पंप बंद केला. तर परांचीवाल्यांनी खालच्या नळापासून गच्चीपर्यंत साखळी धरली आणि हातोहात बादल्या वर चढवल्या. मी तिसऱ्या मजल्यावर साखळीत होते. प्रत्येक बादली माझ्या हातातून गेली, आणि प्रत्येक वेळी खालचा माणूस आपल्या बोलीत म्हणायचा की शेळी सांभाळा.

मग हसऱ्याने कचेरीत बोलावलं. मी एकटी न जाता आम्ही सगळेच गेलो, प्लास्टरवाला म्होरक्यासुद्धा. बाक पुरला नाही. तुमचा पुढारी कोण, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पुढारी नाही, जिन्यात जो पहिला भेटेल त्याच्याशी बोला.

फळीच्या चौकशीला आलेल्या निरीक्षकाने पालिकेला कळवलं होतं. पालिकेचा अधिकारी आला. त्याने विचारलं, दुरुस्तीचं सामान दाखवा. हसरा फोनवर फोन करत राहिला. सामान नव्हतंच. अधिकाऱ्याने आमच्या खोलीत येऊन यांच्या टेबलाशी बसून पाहिलं, आणि बसल्या बसल्या खिशातून बॅटरी काढून पेटवली, तेव्हाच मी समजले.

हुकूम झाला. कापड उतरवायचं. दुरुस्ती करायची ती खरी, एकेका मजल्याची, आणि जो बाहेर जाईल त्याला परत यायचा हक्क लेखी द्यायचा. जी बिऱ्हाडं गेली त्यांनाही. कंत्राटदार बदलला. परांचीवाल्यांना पट्टे, हजेरीचं कार्ड, आणि झोपायला जिन्याखाली नाही, तळमजल्यावरची खोली. त्यांनी ते सगळं लिहून सही झाल्याशिवाय नळीला हात लावला नाही. आम्ही सगळे जिन्यात बसून वाट पाहिली.

काल सकाळी त्यांनीच कापड सोडलं. वरून गाठी सुटत आल्या आणि अख्खं कापड खाली लोळत आलं. मी रस्त्यात होते, आनंदाने ओरडत होते. पण हे खाली आले नव्हते. वर गेले तर हे टेबलाशी बसलेले, खण उघडलेला, भिंग डोळ्याला. मी हाक मारली तर मान न उचलता म्हणाले, जरा थांब, स्प्रिंग बसतेय. मी दाराशीच थांबले. किती वेळ, ते मोजलं नाही.

आता तुमचं. सुनावणीची तारीख पक्की झाली असं सूनबाईकडून कळलं. आम्ही येणार आहोत. मी, हे, शिंपीणबाई, समोरचा दुकानदार, परांचीवाले सगळे. बसचं मी बघते. तुम्ही मूठभर उराल ही काळजी सोडा.

तुमचा फोटो मी शोधून काढला, दर्शनी भिंतीवर लावला आहे. आल्या-गेल्याला सांगते, ही माझी विहीण, चार जणांना उचलत नाही.

कळावे. लोभ आता मागायचा नाही, हक्काचा आहे.

तुमची,
मुलाची आई

---

डोंगरपायथा,
३ जुलै

अगं विहिणी,
नमस्कार नाही, मिठी.

अहो-जाहो तूच मोडलंस. सुनावणीच्या बाकावर मला जरा सरक गं म्हणालीस, तेव्हापासून मीही मोकळी झाले.

तू परत गेलीस त्यानंतरचं लिहिते. पण आधी हे सांगते की त्या दिवशी तुम्ही सगळे दारातून आत आलात तेव्हा मी आत येणारी डोकी मोजत होते, म्हणून तुझ्याकडे वळले नाही. तुला वाटलं असेल विहीणबाई शिष्ट आहेत. दालन भरलं, व्हरांडा भरला. सुनावणी मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, शहरातल्या भाडेकरूंचा या डोंगराशी काय संबंध? तू उठून म्हणालीस, "आमच्या खिडकीवर कापड बांधायला माणसं कुठून येतात ते बघायला आलोय." मंडळाच्या त्या बाई, ज्या आजवर खाली बघून लिहीत असत, त्यांनी पेन ठेवलं. मग म्होरक्याने आपल्या बोलीत सांगितलं आणि लेकीने त्याचं बोलणं समजावून सांगितलं. पूर्वी आमची बाजू फक्त वकील मांडायचा. आम्हाला कोणी आमच्या भाषेत विचारलंच नव्हतं.

निकाल आला. झरा, वरचं सगळं रान आणि मेलेल्यांच्या जागा आमच्या. आम्हाला विचारल्याशिवाय तिथे कुणाला काही करता येणार नाही. खालच्या उतारावर कंपनीने आधीच खोदलंय, तेवढ्याची सुनावणी पुढे चालेल. तेवढ्यासाठी आम्ही बसूच, बसायची सवय आहे.

कुंपण काढायला पलीकडच्या वस्तीचे सगळे आले. तुमचे परांचीवाले रजा टाकून आले होते, हजेरी कार्डावर रजा मिळते हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. म्होरक्या काठीवर रेलून हुकूम सोडत होता. त्या पोरांचे हात असे चालतात की तारेला समजायच्या आत ती सुटलेली असते. खांब उपटले, खड्डे बुजवले, तार गुंडाळून कंपनीच्या दाराशी नीट ठेवून आलो. आपल्याला त्यांचं काही नको.

दुपारी पाहते तर धाकटे दीर पक्कड घेऊन एका टोकाला एकटेच काम करताहेत. केव्हा आले कुणाला कळलं नाही. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी पाणी प्यायलं आणि वसाहतीतले नळ उन्हाळ्यात कोरडे असतात एवढं म्हणाले. मी बरं म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून पुढचा खांब काढला.

संध्याकाळी सगळे वर गेलो. वाट बुजली होती, पण पाय विसरले नव्हते. माझ्या सासूबाई थकल्यात, कुंपण घातल्यापासून त्यांचं वर जाणं नव्हतं, घरातल्या घरातही भिंत धरून चालतात. त्यांना पाठीवर घेऊ म्हटलं तर त्यांनी झिडकारलं. काठी टेकत, दर वळणावर बसत गेल्या, आणि कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. झऱ्याशी पोचल्यावर ओंजळ भरून प्याल्या, तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि सपाट दगडावर पाय पसरून बसल्या. आम्हीही आजूबाजूला बसलो. लहान मुलं पाण्यात खेळत होती, त्यांतल्या कितीतरी मुलांनी झरा पहिल्यांदाच पाहिला.

ऊन उतरलं तशी मला घोर लागला. म्हातारं माणूस, उताराची वाट, अंधार होईल. मी म्हटलं, सासूबाई, उठा आता, निघू या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "घाई कसली? आता कोण हाकलतंय आपल्याला?"

मग मीही पाय पसरले.

तू ये. व्याह्यांना घेऊन ये, सुनावणीला डोंगर लांबूनच दिसला, आता जवळून बघू देत त्यांना. कळावे वगैरे काही नाही, आल्यावर बोलू.

तुझी,
विहीण